तुटणार तर आहेच, पण कोठे तुटावे? रिमोटवरच्या मॉन्स्टर ट्रकची मालकी आणि त्याचे अपग्रेड

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील एका रविवारी, वाघोलीच्या पुढे प्लॉटिंगसाठी सपाट केलेल्या माळावर, मुरमाच्या पुरुषभर उंच ढिगाऱ्यावरून उडवलेला माझा ट्रक पुढच्या उजव्या चाकावर आपटला आणि ते चाक चेसिसला, म्हणजे ट्रकाच्या सांगाड्याला, जोडणारा प्लॅस्टिकचा आर्म मधोमध तुटला. प्लॅस्टिक तुटले म्हणजे प्लॅस्टिक कच्चे, असा सरळ हिशोब करून मी घरी आल्याबरोबर ॲल्युमिनियमचे चकचकीत निळे आर्म मागवले. पंधरा दिवसांनी त्याच ढिगाऱ्यावरून त्याच चाकावर ट्रक पुन्हा आपटला. या वेळी आर्मला ओरखडादेखील आला नाही. मात्र तो ज्या पिनेवर बसतो ती पिन वाकली आणि पिन धरणाऱ्या डिफरन्शियलच्या (मोटरची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) घराला उभी चीर गेली. पहिली दुरुस्ती चार स्क्रूंची आणि वीस मिनिटांची होती. दुसऱ्या दुरुस्तीसाठी पुढचा अर्धा ट्रक सुटा करावा लागला, जेवणाच्या टेबलावर दोन संध्याकाळी गेल्या आणि खर्च पहिल्याच्या चौपट झाला.

ट्रक अपग्रेड करणे म्हणजे काय, हे मला त्या दोन संध्याकाळींत कळले. आपटण्याचा जोर एक भाग पक्का केल्याने नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागाकडे जातो. घरातील फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारा मनुष्य फ्यूज वाचवतो खरा, पण मग वायरिंग जळते. या ट्रकांतही बनवणाऱ्याने काही ‘फ्यूज’ मुद्दाम ठेवलेले असतात. ते कोणते, हे ओळखल्याशिवाय बदललेला प्रत्येक भाग जाड तारेचे काम करतो.

हे वाहन मुळात काय आहे

मॉन्स्टर ट्रक ही मूळची अमेरिकी कल्पना आहे. मिसुरी राज्यातील सेंट लुइस परिसरात गॅरेज चालवणाऱ्या बॉब चॅण्डलर यांनी आपल्या १९७४ सालच्या फोर्ड एफ-२५० पिकअपला मोठमोठी चाके आणि जड ॲक्सल लावत नेले आणि त्याला ‘बिगफूट’ हे नाव मिळाले. १९८१ मध्ये त्याच ट्रकने शेतात उभ्या केलेल्या भंगार मोटारी चिरडल्या आणि तेथून हा खेळ स्टेडियममध्ये गेला. रिमोटच्या दुनियेत त्याचे पडसाद लगेच उमटले. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या ‘क्लॉड बस्टर’मध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर एकेक स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत असत. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीचा १९९९ सालचा ‘टी-मॅक्स’ हा मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर धावणारा, चारही चाकांना ताकद देणारा आणि रिव्हर्स असलेला ट्रक होता. पुढची काही वर्षे माळरानावर त्याच जातीच्या नायट्रो ट्रकांचा धूर आणि कर्कश आवाज होता. त्यानंतर ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली, मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी, जिला सगळे लायपो म्हणतात, या जोडीने बाजी उलटवली. २०१५ साली आलेला ‘एक्स-मॅक्स’ सुमारे साडेआठ किलोंचा, पूर्ण इलेक्ट्रिक आहे आणि त्याची नंतरची आवृत्ती ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते.

खेळण्याच्या दुकानातील रिमोट गाडी आणि ही गाडी यांत वेगापेक्षाही मोठा फरक दुसराच आहे. खेळण्याचा एक दाता तुटला की ते अडगळीत जाते. या ट्रकाचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वॉशर आणि प्रत्येक गिअर सुटा मिळतो आणि त्याचा क्रमांक पुस्तिकेत छापलेला असतो. म्हणूनच कोणता ट्रक घ्यावा असे कोणी विचारले, तर ज्याचे आर्म, ड्राइव्हशाफ्ट (चाकांपर्यंत ताकद नेणारे दांडे) आणि स्पर गिअर (मोटर ज्याला फिरवते तो मोठा गिअर) आपल्याला आठवड्याभरात मिळू शकतात तो घ्यावा, असे मी सांगतो. भारतात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरील किमतीला डॉलरचा भाव लावून मनात आकडे बांधणाऱ्याचा पार्सल आल्यावर हिरमोड होतो. ऐन सुट्टीच्या दिवसांत एका स्पर गिअरसाठी तीन आठवडे ट्रक ठोकळ्यावर उभा राहिल्याचा अनुभव येथील बहुतेकांना आहे.

प्रमाण म्हणाल, तर १:१० चा, म्हणजे खऱ्या वाहनाच्या एक दशांश आकाराचा, ट्रक साधारण अडीच-तीन किलोंचा असतो आणि सुरुवातीला तोच बरा. १:८ आणि त्याहून मोठे ट्रक भारदस्त उड्या मारतात, पण त्यांची बॅटरी, टायर आणि मोडतोड यांचाही खर्च तसाच भारदस्त असतो.

वेग वाढला की नेमके काय वाढते

मोटारीच्या टकरीत जे गणित लागू पडते तेच येथेही लागू पडते: वेग दुप्पट झाला की आपटण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरने धावणारा ट्रक भिंतीवर आदळणे म्हणजे तो सव्वासहा मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, फरशीवर टाकण्यासारखे आहे. तोच ट्रक ताशी ८० ने आदळला तर ती उंची पंचवीस मीटर होते; म्हणजे आठव्या मजल्यावरून टाकल्यासारखे. ट्रक तोच, प्लॅस्टिक तेच, स्क्रूही तेच. म्हणून ‘मोठी बॅटरी घातल्यापासून ट्रक सारखा तुटतो’ ही तक्रार खरी असली, तरी तिच्यात नवल काहीच नाही. हे एकदा पटले की वेग वाढवणारे अपग्रेड सर्वांत शेवटी करावे, हे सांगावे लागत नाही.

हा वेग येतो कोठून, हे समजण्यासाठी तीन आकडे पुरेसे आहेत. पहिला आकडा बॅटरीच्या व्होल्टचा. लायपोच्या एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट असतो; दोन सेल एकापाठोपाठ जोडले की ७.४ व्होल्टची टू-एस बॅटरी होते आणि तीन जोडले की ११.१ व्होल्टची थ्री-एस. दुसरा आकडा मोटरवर लिहिलेल्या केव्हीचा. हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टमागे मोटर बिनभाराची मिनिटाला किती फेरे फिरेल, ते या आकड्यावरून कळते. ३२०० केव्हीची मोटर थ्री-एसवर ३२०० गुणिले ११.१, म्हणजे मिनिटाला साडेपस्तीस हजार फेरे फिरू पाहते. तिसरा आकडा गिअरच्या एकूण प्रमाणाचा. मोटरच्या दांड्यावरील लहान गिअरला पिनियन म्हणतात, तो ज्या मोठ्या गिअरला फिरवतो त्याला स्पर म्हणतात, आणि त्यानंतर डिफरन्शियलमध्ये फेरे आणखी घटतात. मोटरचे पंधरा फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होत असेल, तर चाक मिनिटाला सुमारे २३७० वेळा फिरेल. टायरचा व्यास १४० मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात ट्रक ४४ सेंटिमीटर पुढे जातो. हिशोब केला तर ताशी साधारण ६२ किलोमीटर येतात. तोच ट्रक टू-एसवर ताशी ४१-४२ ने धावेल. प्रत्यक्षात हवा, माती आणि बॅटरीचा भाराखाली पडणारा दाब यांमुळे दोन्ही आकडे थोडे कमीच भरतात.

आता याच गणितातून नवख्यांची सर्वांत सामान्य चूक दिसते. ट्रक रुबाबदार दिसावा म्हणून १४० ऐवजी १६० मिलिमीटरचे टायर लावले, तर गिअर न बदलताच गिअरिंग चौदा टक्क्यांनी उंचावते. ट्रक कागदावर ताशी ७१ किलोमीटरचा होतो, पण मोटरला प्रत्येक वेळी अधिक जड चाक अधिक लांब तरफेने ढकलावे लागते. त्यासाठी ती अधिक ॲम्पियर ओढते आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सायकलवर सर्वांत जड गिअर टाकून पर्वतीचा चढ चढू पाहणाऱ्याचे जे होते, तेच मोटरचे होते. फरक इतकाच की सायकलवाला दमून थांबतो आणि मोटर जळेपर्यंत थांबत नाही. याला उपाय सोपा आणि स्वस्त आहे: १५ दात्यांचा पिनियन काढून १३ दात्यांचा बसवला की हिशोब जवळपास पूर्वीसारखा होतो. टायर बदलताना पिनियन बदलायचा असतो, हे टायरच्या वेष्टणावर कोणी छापत नाही.

पिनियन बसवताना दोन गोष्टींत घाई करू नये. पिनियन आणि स्पर यांचे दाते एकमेकांत गच्च रुतले तर गरम होऊन झिजतात आणि सैल राहिले तर पहिल्याच उडीत स्परचे दाते सोलले जातात. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांमध्ये घालून, ते दाबून मोटरचे स्क्रू आवळावेत. पट्टी फिरवून बाहेर काढल्यावर तिच्यावर दात्यांचे ठसे नीट उठलेले असावेत आणि कागद फाटलेला नसावा. दुसरी गोष्ट पिनियनच्या बारीक स्क्रूची. तो मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे आणि त्याला निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावलाच पाहिजे. मैदानावर मोटर किंचाळते पण ट्रक जागचा हलत नाही, असे झाले की बहुतेक वेळा हा स्क्रू सैल झालेला निघतो.

दहा मिनिटे चालवल्यानंतर मोटरवर बोट ठेवून पाहावे. तीन-चार सेकंद बोट ठेवता आले तर ठीक. चटका बसून हात मागे येत असेल तर एक-दोन दाते कमी करावेत. ज्यांच्याकडे तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक आहे त्यांनी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात हवाच ४२ अंशांवर असते. तेथे डिसेंबरमधले गिअरिंग चालत नाही.

कोणता भाग पोलादाचा, कोणता प्लॅस्टिकचा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बनवणाऱ्याने ठेवलेले फ्यूज प्रामुख्याने तीन आहेत. चाके वळवणाऱ्या सर्व्होच्या पुढे सर्व्हो सेव्हर नावाची एक स्प्रिंग असते; चाकाला बाजूने फटका बसला की ती दबते आणि सर्व्होचे दाते वाचतात. स्पर गिअरपाशी अनेक ट्रकांत स्लिपर क्लच असतो. हवेत भरधाव फिरणारी चाके जमिनीला टेकताच जो झटका उलट दिशेने गिअरांत येतो, तो हा क्लच क्षणभर घसरून पोटात घालतो. आणि तिसरा फ्यूज म्हणजे तोच नायलॉनचा आर्म, जो मी हौसेने बदलला होता. नायलॉन वाकते आणि परत सरळ होते. ॲल्युमिनियम वाकले की वाकलेलेच राहते, आणि ते वाकले नाही तर त्याच्यामागचे काहीतरी तुटते.

यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. जे भाग फिरतात आणि पीळ सोसतात, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, डिफरन्शियलचे गिअर, पिनियन आणि चाकाचे ॲक्सल, ते पोलादाचे असावेत. जे भाग आपटतात आणि ज्यांना वाकावे लागते, म्हणजे आर्म, बंपर, शॉकअपचे उभे टॉवर आणि मागचा विंग, ते चांगल्या नायलॉनचे असावेत. ॲल्युमिनियमला जागा आहे, पण मोजकी: मोटर ज्या पट्टीवर बसते ती पट्टी, कारण ती उष्णता ओढून घेते आणि मोटरला हलू देत नाही; शॉकअपची टोपणे, कारण प्लॅस्टिकच्या टोपणांचे आटे जाऊन उडीच्या वेळी तेल बाहेर सांडते; आणि चाक ॲक्सलवर बसवणारी षट्कोनी हेक्स. ‘पूर्ण मेटल ट्रक’ दुकानाच्या काचेत झकास दिसतो, पण तो अर्धा किलोने जड होतो, जड असल्यामुळे अधिक जोराने आपटतो आणि तुटतो तेव्हा महागाचे तुटते.

नायलॉनबद्दल एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नायलॉन हवेतील ओलावा शोषते आणि ओलाव्यामुळे ते चिवट होते. अगदी कोरडे नायलॉन ठिसूळ असते. म्हणूनच काही जण नवे आर्म बसवण्यापूर्वी पातेल्यातील पाण्यात उकळून घेतात. हा प्रकार प्रथम ऐकला तेव्हा मला तो अंधश्रद्धेचा वाटला होता, पण त्यामागे शास्त्र आहे. थंडीत हेच प्लॅस्टिक पुन्हा कडक होते; पुण्यात पहाटेच्या दहा अंशांत त्याचा फारसा फरक पडत नाही, पण टोरोंटो किंवा मिनियापोलिस येथील मराठी छांदिष्टाने शून्याखाली ट्रक उडवताना आर्मचा एक जादा जोड खिशात ठेवावा.

मग पैसे प्रथम कशावर खर्च करावेत? उत्तर नीरस आहे: बेअरिंग, वंगण आणि शॉकअपचे तेल. नव्या कोऱ्या ट्रकाचे डिफरन्शियल उघडून पाहिले तर पुष्कळदा आत ग्रीसचा नुसता एक ठिपका आढळतो. त्याचे चार स्क्रू काढावेत, मोठा कंगोरेदार गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर यांच्यात हाताला किती ढिलाई जाणवते ते पाहावे, आणि ढिलाई असेल तर ०.१ किंवा ०.२ मिलिमीटर जाडीचा वॉशर गिअरमागच्या बेअरिंगच्या बाजूला घालावा. हा वॉशर नखावर ठेवला तर फुंकरीने उडेल इतका हलका असतो; आणि याच्या अभावी गिअरचे दाते एकमेकांच्या टोकावर चालून महिन्याभरात साखरेसारखे भुरभुरतात. आतील लहान गिअरांत सिलिकॉनचे दाट तेल भरले की डिफरन्शियल लवकर ‘सुटत’ नाही. सुटणे म्हणजे असे, की एक चाक हवेत उचलले गेले तर सगळी ताकद त्या रिकाम्या चाकालाच जाते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. तेल जितके दाट तितकी ही पळवाट अरुंद होते. पण पुढच्या डिफरन्शियलमध्ये फार दाट तेल घातले तर ट्रक वळायला नाखूश होतो.

शॉकअपचे तेलही याच न्यायाने निवडायचे असते. कारखान्यातून आलेले तेल बहुधा पातळ असते. उडीवरून उतरताना चेसिसचे पोट धाडकन जमिनीला लागते ते त्यामुळेच. थोडे दाट तेल आणि थोडी कडक स्प्रिंग घातल्यावर ट्रक उतरून एकदाच बसतो आणि स्थिर होतो. तेल भरल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करून आतील हवेचे बुडबुडे निघून जाऊ द्यावेत; ही पाच मिनिटे घाईत वाचवली तर शॉकअप पिचकारीसारखा फुसफुसत राहतो.

त्यानंतर क्रमांक सर्व्होचा. त्याचा जोर ‘किलो-सेंटिमीटर’मध्ये सांगतात, १५ किलोंचा सर्व्हो म्हणजे दांड्याच्या मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर १५ किलोंचे वजन तोलून धरणारा सर्व्हो. जड टायर लावलेल्या ट्रकाला सोबत येणारा कमजोर सर्व्हो पुरत नाही आणि ट्रक वळणावर मनाविरुद्ध सरळ जातो. धातूच्या दात्यांचा चांगला सर्व्हो घ्यावा, पण सर्व्हो सेव्हर काढून टाकू नये. ‘मेटल गिअर आहेत, आता सेव्हर कशाला’ हा युक्तिवाद म्हणजे पुन्हा तीच जाड तार.

टायरमध्ये एक खोड असते. चाक फार वेगाने फिरले की रबर बाहेर फुगते, टायर सायकलच्या चाकासारखा अरुंद होतो आणि ट्रक डळमळू लागतो. आत पट्टा घातलेले टायर घेतले की हे थांबते. टायर रिमला चिकटवलेला असतो. कड सुटली असेल तर ती आधी स्पिरिटने पुसावी आणि मग फेव्हिक्विक वर्गातील पातळ गोंदाने चिकटवावी. बोटे त्यातून दूर ठेवावीत, हे सांगण्याचा मला अनुभवसिद्ध अधिकार आहे.

चालवणाऱ्याचा अंगठा

काही अपग्रेड फुकट असतात. ट्रक हवेत असताना थ्रॉटल दिला, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर दाबला, तर चाकांचा फिरण्याचा वेग वाढतो आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून ट्रकाचे नाक वर जाते. ब्रेक दाबला तर चाके थांबतात आणि नाक खाली येते. याचा उपयोग करून ट्रक चारही चाकांवर उतरवता येतो. पण जमिनीला टेकण्याच्या क्षणी थ्रॉटल सोडलेला असला पाहिजे. भरधाव फिरणारी चाके एकदम मातीत रुतली की तो झटका ड्राइव्हशाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यावर जातो. माझ्या पाहण्यात तुटलेल्या शाफ्टांपैकी निम्मे तरी उतरताना ट्रिगर न सोडल्याने तुटलेले आहेत.

बॅटरी

लायपो बॅटरी हा या छंदातील खरोखर धोक्याचा भाग आहे, म्हणून येथे घाई नको. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला तर सेल कायमचा दुखावतो, म्हणून मोटरचा वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरमधील लायपो कटऑफ, म्हणजे दाब फार घटण्याआधी मोटर थांबवणारी सोय, चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे. ५००० एमएएच (मिलिॲम्पियर-तास) क्षमतेची बॅटरी ५ ॲम्पियरने, बॅलन्स चार्जरवर आणि सर्व सेल समान ठेवून भरावी. ती वापरायची नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे कपाटात पडली की हळूहळू फुगते. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून चालवू नये. चार्जिंग चालू असताना माणूस घरात जागा असावा आणि बॅटरी फरशीवर, गादी-पडद्यांपासून दूर असावी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत बॅटरी विसरणे, हे घरात फटाके उघड्यावर ठेवण्यासारखे आहे.

वेष्टनावर छापलेल्या ‘सी’च्या, म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह मिळेल ते सांगणाऱ्या, आकड्याकडे थोड्या संशयाने पाहावे. ५००० एमएएच आणि ५० सी म्हणजे ती बॅटरी २५० ॲम्पियर देऊ शकते, असा दावा असतो. वीस मिनिटे चालणारा ट्रक सरासरीने पंधरा ॲम्पियरच घेतो, पण उडीपूर्वीच्या एका सेकंदात तो त्याच्या कितीतरी पट मागतो आणि तेव्हा हलक्या बॅटरीचा दाब कोसळतो. कनेक्टर बदलताना डाख नीट वितळून तारेत शिरला आहे याची खात्री करावी. वरवर चिकटलेला जोड भाराखाली तापून सुटतो. विमानाने नेताना लायपो हातातील बॅगेतच न्यावी लागते. थ्री-एस ५००० ची बॅटरी ५५ वॉट-तासांची, म्हणजे १०० च्या मर्यादेच्या बरीच आत असते.

रेडिओसंबंधी एवढेच, की सुरू करताना आधी रिमोट आणि मग ट्रक, बंद करताना आधी ट्रक आणि मग रिमोट, हा क्रम कधीही चुकवू नये. ट्रकाची चाके अधांतरी ठेवून, हलका थ्रॉटल देऊन रिमोट मुद्दाम बंद करावा. चाके तत्काळ थांबली नाहीत तर फेलसेफ, म्हणजे रिमोटचा संपर्क तुटताच ट्रक थांबवणारी सोय, पुन्हा बसवावा. तीन किलोंचा ट्रक ताशी साठने एखाद्याच्या नडगीवर आला तर हाड मोडू शकते, आणि माळावर मुले आणि कुत्री नेहमी ट्रकाच्या दिशेनेच धावतात.

धिंगाणा आणि शर्यत

मोकळ्या माळावर ट्रक उडवणे, उलटवणे, ढिगाऱ्यांवर चढवणे, याला बॅशिंग म्हणतात. मराठीत त्याला धिंगाणा म्हणावे. शर्यत हे निराळे काम आहे. धिंगाण्यासाठी ट्रक चिवट हवा, शर्यतीसाठी तो प्रत्येक फेरीत सारखाच वागणारा हवा. उंच ट्रक वळणावर कलंडतो, म्हणून शर्यतीत शॉकअपच्या स्प्रिंगा लहान करून चेसिस खाली घेतात, तेल बदलतात, पुढच्या चाकांचा कल अर्ध्या-अर्ध्या अंशाने जुळवतात आणि वेगापेक्षा पकडीचा विचार करतात. मॉन्स्टर ट्रकाचेच ठेंगणे, रुंद, शर्यतीसाठी घडवलेले रूप म्हणजे ट्रगी. शर्यतीचीच ओढ असेल त्याने मॉन्स्टर ट्रकावर दुप्पट पैसे ओतण्यापेक्षा सरळ ट्रगी घ्यावी, असे माझे मत आहे.

अमेरिकेत मात्र खऱ्या मॉन्स्टर ट्रकांसारख्या अखंड ॲक्सलच्या, म्हणजे समोरासमोरची दोन चाके एकाच ताठ ॲक्सलवर असलेल्या, ट्रकांची स्वतंत्र शर्यत रुजलेली आहे, आणि तिच्यात १९८७ च्या त्या क्लॉड बस्टरच्या रचनेवर उभे केलेले ट्रक अजून धावतात. दोन ट्रक शेजारीशेजारी सुटतात, उतारावरून खेळण्यातील मोटारींच्या रांगेवर झेपावतात, आणि त्यानंतर फ्रीस्टाइलमध्ये एकेकट्याने कसरती करून गुण मिळवतात. अशा कोणत्याही शर्यतीत उतरण्यापूर्वी मोटर, टायर आणि बॅटरी यांचे नियम वाचावेत आणि मगच भाग विकत घ्यावेत; उलट क्रमाने गेलेल्यांची कपाटे न वापरलेल्या मोटरींनी भरलेली असतात.

धिंगाण्याचे हाल ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात काळी माती चाकांत अशी गच्च भरते की प्रत्येक चाक दुप्पट जड होते आणि मोटर तापते. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यावर ट्रक नेला तर वाळू आणि खारे पाणी मिळून बेअरिंगांची वाट लावतात. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो, बेअरिंगला तो लागू नाही. घरी आल्यावर ट्रक गोड्या पाण्याने हलका धुवावा, पंख्याखाली वाळवावा, चाके काढून बाहेरची आठ बेअरिंग बोटाने फिरवून पाहावीत आणि जे खरखरते ते बाजूला काढावे. बेअरिंगचा एक संच काही शे रुपयांना येतो. अडकलेल्या बेअरिंगमुळे वितळलेला हब आणि झिजलेला ॲक्सल त्याच्या कितीतरी पट पडतो.

माझ्या पिशवीत आता एलन कीचा संच, लॉकटाइटची बाटली, दोन पिनियन, एक स्पर, पिनांचा एक जोड आणि मूळ नायलॉनचे चार आर्म असतात. गेल्या हंगामात असे तीन आर्म संपले. डिफरन्शियलचे घर मात्र वाघोलीच्या त्या दुसऱ्या उडीनंतर बसवलेलेच आहे.